नग क्रमांक १४७

९ जानेवारी

प्रिय धाकट्या,

आशीर्वाद पाठवते आहे. नको असतील तर ठेवून दे, कुठेतरी उपयोगी पडतील.

पत्र बघून दचकू नकोस, सगळे जिवंत आहेत. फोन केला की तू 'मीटिंगमध्ये आहे, नंतर करतो' म्हणतोस. ही मीटिंग आता बावीस वर्षं चालली आहे. पत्राला मीटिंग सांगता येत नाही, म्हणून लिहितेय. पत्ता कोणी दिला ते विचारू नकोस. तुझ्या बायकोने दिला, आणि माझं नाव सांगायचं नाही असं तीनदा बजावून दिला.

काम अगदी छोटं आहे. बाबांच्या मोटरसायकलची किल्ली तुझ्याकडे आहे का? पितळी, आणि तिच्या भोकात मी शिवलेली चामड्याची पट्टी. तू घर सोडून गेलास तेव्हा ती तुझ्या खिशात होती असा माझा अंदाज आहे. असेल तर पाठवून दे. बस्स, एवढंच.

आता कशाला हवी, म्हणशील. घरामागची पत्र्याची शेड पाडायची ठरली, तिथे पाण्याचा पंप बसणार आहे. म्हणून मी भंगारवाल्याला बोलावलं. त्याने गाडीवरची चादर ओढली, धुळीने आम्ही सगळे पांढरे झालो, आणि तेवढ्यात बाबा काठी टेकत आले ते थेट सीटवर चढून बसले. शहाऐंशी वर्षांचा माणूस! दोन्ही हात हँडलवर, मान ताठ. "न्यायची तर माझ्यासकट न्या," म्हणाले. भंगारवाल्याने क्षणभर खरोखर विचार केला असं मला वाटलं. शेवटी चार जणांनी गाडी बाबांसकट ढकलत हॉलमध्ये आणली. आता सोफ्याच्या जागी गाडी आहे, सोफा गॅलरीत आहे, आणि तुझे भाऊजी सोफ्यावर आहेत.

विकण्याआधी जरा पुसून ठेवावी, इतकाच माझा विचार आहे. बाबांनी तुझी आठवण वगैरे काढलेली नाही. उगाच गैरसमज नको.

तुझी ताई

ता. क. किल्लीचं विसरू नकोस.


२६ जानेवारी

प्रिय धाकट्या,

उत्तर आलं नाही. पण पत्र परतही आलं नाही. म्हणजे तू वाचतोस.

गाडी पुसायला घेतली आणि पुसता पुसता उघडली. माझ्याकडून नेहमी असंच होतं. चाळीस वर्षं शिवणक्लास चालवला, तेवढ्या काळात किती शिवणयंत्रं खोलली आणि जोडली त्याला गणती नाही. आपलं यंत्र दुरुस्त करणारे म्हातारे मिस्त्री आठवतात ना? त्यांना बोलावलं. त्यांनी गाडीभोवती दोन फेऱ्या मारल्या, चहा प्यायला आणि म्हणाले, "बाई, हेही शिवणयंत्रच आहे. फक्त कापडाऐवजी रस्ता शिवतं." एवढं ऐकल्यावर मला कोण थांबवणार?

तर सध्या घराची अवस्था सांगते. पेट्रोलची टाकी आमच्या पलंगावर, भाऊजींच्या उशीशेजारी. साखळी रॉकेलमध्ये भिजते आहे, ती कणकेच्या परातीत. चाकं न्हाणीघरात, त्यामुळे अंघोळ उभ्याने आणि अंग चोरून. पिस्टन सिलिंडरमध्ये असा रुतून बसलाय की रोज त्यात तेल सोडायचं आणि वाट पाहायची. इतका हट्टी ऐवज मी आपल्या घरात आजवर दोनदाच पाहिलाय. एक अजून इथेच राहतात, दुसऱ्याला मी पत्र लिहिते आहे.

खरा घोळ मात्र तुझ्या भाऊजींनी घातला. ग्रंथपाल निवृत्त होतो, पण त्याच्यातला ग्रंथपाल होत नाही. मी स्क्रू आणि वायसर बिस्किटाच्या डब्यांत टाकत होते. माझ्या डोक्यात सगळं पक्कं होतं. दुपारी जरा डोळा लागला, उठून बघते तर त्यांनी सगळे डबे रिकामे करून सुट्या भागांची तीन कपाटांत वर्गवारी केलेली! फिरणारे भाग, न फिरणारे भाग, आणि फिरायला हवेत पण फिरत नाहीत असे भाग. मी म्हटलं, तिसऱ्या कपाटात आता तुम्हीही बसा. त्यावर हसले नाहीत. प्रत्येक नगाला क्रमांक दिलाय, प्रत्येकाचं कार्ड केलंय, त्यावर वर्णन आणि मिळाल्याची जागा. मला एखादा भाग हवा असेल तर सही करून घ्यायचा. एका वेळी दोनच नग मिळतात! काल मला तीन नट हवे होते, तर म्हणाले, "आधीचे दोन परत करा."

बाबा शेजारी खुर्चीत बसून असतात. त्यांची नजर आता फार कमी झाली आहे. पण हात अजून वजनमापे निरीक्षकाचेच आहेत. तीस वर्षं वजनांची लाकडी पेटी ह्याच गाडीला बांधून दुकानोदुकानी हिंडलेला माणूस. मी एकेक भाग हातात देते आणि ते तोलून वजन सांगतात. मी स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवून बघते. अजून एकदाही चुकलेले नाहीत, आणि त्याचा त्यांना इतका आनंद होतो की मी तेच तेच भाग पुन्हा देते.

आता खरं सांगायचं तर गाडी विकायची नाहीये. परवा बाबा एकदम म्हणाले, "एकदा आवाज ऐकायचाय." एवढंच. तुझ्याबद्दल काही बोलले नाहीत. फक्त दाराकडे बघत होते, पण त्यांना दार दिसत नाही, त्यामुळे त्याचा काही अर्थ काढू नकोस.

ताई

ता. क. मिस्त्री म्हणतात, किल्ली नसली तरी दोन तारा जोडून काम होईल. बाबा म्हणतात, किल्लीशिवाय गाडी सुरू करणं म्हणजे चोरी. तेव्हा पाठव रे एकदाची.


१३ फेब्रुवारी

प्रिय धाकट्या,

पिस्टन निघाला! लाकडी ठोकळा आणि हातोडी, आणि मधून मधून मिस्त्रींच्या शिव्या. वरच्या मजल्यावरच्या बाई खाली आल्या, म्हणाल्या, "भांडण झालंय का?" मी म्हटलं, "हो, बावीस वर्षांपूर्वी. आता मिटवतोय."

बोलून गेले खरी, मग दिवसभर तेच डोक्यात. पिस्टनवर उभे ओरखडे आहेत, मांजराने नख्या मारल्यासारखे. तेल न मिळाल्याने जाम झालेलं इंजिन असंच दिसतं म्हणे. मिस्त्रींनी तो पिस्टन बाबांच्या हातात दिला. बाबांनी ओरखड्यांवरून अंगठा फिरवला आणि वजन न सांगताच परत केला.

त्या दिवसाबद्दल आपण कधी बोललोच नाही. तू चोवीस वर्षांचा होतास. बाबांना न विचारता गाडी घेऊन मुलाखतीला निघालास. पुलावर इंजिन जाम झालं. तू नऊ किलोमीटर गाडी ढकलत आणलीस, मुलाखतीचा पांढरा शर्ट काळा करून. बाबा फाटकातच उभे होते, सगळी गल्ली बघत होती. म्हणाले, तेल न पाहता गाडी हाकलीस. तू म्हणालास, पाहिलं होतं, तेल मोजायच्या काठीवर खुणेपर्यंत होतं. बाबांनी तेलाच्या टाकीचं झाकण उघडलं, तर तेल खरंच खुणेपर्यंत. तेव्हा ते म्हणाले, "म्हणजे वाटेत ओतून आणलंस. वर खोटंही बोलतोस." त्यांच्या तोंडी खोटं हा शब्द म्हणजे काय ते तुला माहीत आहे. खोट्या वजनाला त्यांनी आयुष्यात कधी माफ केलं नाही.

मीही तिथे होते. मीही काहीतरी बोलले होते. ते इथे लिहीत नाही.

आठवड्याने तू गेलास. बाबांनी गाडीवर चादर टाकली आणि पुन्हा कधी उघडून पाहिली नाही.

असो. गिअरबॉक्स चांगला आहे. भाऊजींचे नग आता एकशे तीसच्या वर गेले आहेत. उद्या तेलाची टाकी आणि नळ्या काढणार.

ताई

ता. क. किल्ली.


२ मार्च

प्रिय धाकट्या,

थोडक्यात लिहिते. काम थांबलंय. माझा मनगटाचा सांधा दुखतोय. विशेष काही नाही. टाकी साफ केली, नळ्या साफ केल्या. नळ्यांत काय असणार, घाणच. ती टाकून दिली.

भाऊजी रोज सकाळी विचारतात, "नग एकशे सत्तेचाळीस कुठे आहे?" कार्ड आहे आणि नग नाही, असं त्यांच्या नोकरीत कधी झालं नव्हतं म्हणे. मी सांगितलं, हरवला. तर म्हणतात, हरवला असं लिहून सही द्या. मी सही देत नाही.

हवा बरी आहे. तुमच्याकडे कशी आहे?

ताई


९ मार्च

प्रिय धाकट्या,

मनगट दुखत नाहीये. नळीत घाण नव्हती. मी तुला खोटं लिहिलं, आणि आता लिहायला बसले आहे तर तीनदा उठून पाणी पिऊन आले.

ह्या गाडीत तेल इंजिनाच्या पोटात नसतं. वेगळ्या टाकीत असतं आणि तिथून नळीने इंजिनात जातं. तू काठी बुडवून बघितलीस ती त्या टाकीत. टाकी भरलेली होती. तू खरं बोलत होतास.

नळी मात्र बंद होती. गेल्या महिन्यात मी तारेने ती साफ करत होते, तर आतून कापडाचा बोळा निघाला. तेलाने काळा पडलेला, पण धुतल्यावर निळा. भाऊजी शेजारीच होते, त्यांनी तत्परतेने कार्ड लिहिलं: 'नग १४७. कापड, निळे, काठ हाताने शिवलेले. मिळाल्याची जागा: तेलाची नळी. प्रयोजन: अज्ञात.' मग ते दुसऱ्या कपाटाकडे वळले आणि मी तो बोळा मुठीत दाबून न्हाणीघरात गेले. चाकांच्या मध्ये बसून रडले. उठायला जागा नव्हती म्हणून जास्तच वेळ रडले.

काठ हाताने शिवलेले, धाकट्या. चिंधीचे काठ दुमडून त्याला हातशिलाई घालणारी बाई ह्या जगात एकच आहे. प्रत्येक पाचव्या टाक्याला माझी गाठ आहे, माझ्या क्लासमधल्या मुली त्यावरून मला हसायच्या.

मग सगळं आठवलं. तू गाडी नेलीस त्याच्या दोन दिवस आधी बाबांनी तेलाची टाकी धुवायला काढली होती. नळीत धूळ जाऊ नये म्हणून मला फडकं मागितलं. मी म्हटलं, साध्या फडक्याचे दोरे सुटतील आणि इंजिनात जातील. म्हणून बसून शहाण्यासारखे काठ शिवले, बोळा केला आणि माझ्या बोटाने नळीत बसवला. बाबांनी माझं कौतुकही केलं. मग त्यांना एसटीने बाहेरगावी जायचं होतं, दुसऱ्या दिवशी सकाळी निघायच्या घाईत त्यांनी नळी जोडून टाकली. बोळा घालायचा कोणी ते ठरलं होतं. काढायचा कोणी, ते कोणीच ठरवलं नव्हतं.

आणि तू गाडी ढकलत आणलीस त्या दिवशी मी काय म्हणाले तेही आता लिहिते. तू माझ्याकडे बघितलंस, मी तरी काही बोलेन म्हणून. आणि मी म्हटलं, "एकदा कबूल करून टाक ना, एवढं काय त्यात? विषय संपेल." बाबांनी खोटारडा म्हटल्यावर तू उभा होतास. माझं हे वाक्य ऐकल्यावर आत गेलास. मी पाहिलं होतं. बावीस वर्षं मी स्वतःला सांगत आले की तू बाबांमुळे गेलास.

माझं चुकलं. ही ओळ खूप आधी लिहायला हवी होती.

बाबांना अजून सांगितलेलं नाही. ह्या वयात त्यांना कसं सांगू? नळी जोडणारा हात त्यांचाच होता.

ताई

ता. क. किल्लीचं राहू दे. तुला ठेवायची असेल तर ठेव.


२७ मार्च

प्रिय धाकट्या,

सांगणं माझ्या हातात राहिलंच नाही. आपल्या घरात गुपित ठेवायचं तर आधी ग्रंथपालाशी लग्न करू नये.

सकाळी चहाला बसलो होतो. भाऊजींनी नेहमीप्रमाणे जाहीर केलं, "नग एकशे सत्तेचाळीस अद्याप परत आलेला नाही." बाबांनी कप खाली ठेवला. "रोज ऐकतोय. आहे तरी काय ते?" मी भाऊजींना टेबलाखालून पाय मारला. तो बाबांना लागला. भाऊजींनी कार्ड काढून मोठ्याने वाचलं, वाचता वाचताच त्यांच्या ध्यानात आलं की आपण काय वाचतोय, आणि 'तेलाची नळी' ह्या शब्दांवर त्यांचा आवाजच बसला.

बाबा म्हणाले, "आण."

मी कपाटातून बोळा आणला आणि त्यांच्या तळहातावर ठेवला. त्यांनी तो उलगडला. काठावरून बोट फिरवलं. एक गाठ लागली, दुसरी लागली. "ही शिलाई तुझी," म्हणाले. मी हो म्हटलं. चहावर साय धरली. मग त्यांनी ते कापड हातावर तोललं.

"चार ग्रॅम," म्हणाले. आणि थोड्या वेळाने, "चार ग्रॅमसाठी."

मी काट्यावर ठेवून पाहिलं. साडेपाच भरलं. पहिल्यांदा चुकले होते. मी म्हटलं, बरोबर आहे, चारच.

ते दिवसभर अंथरुणावर पडून राहिले. मला वाटलं, आता हे आजारी पडणार. पण दुसऱ्या दिवशी सकाळी पूर्ववत ताठ! म्हणतात, "तरी गाडी सुरू केल्यावर टाकीचं झाकण उघडून तेलाची धार परत येते का ते बघायला हवं होतं त्याने." मी विचारलं, "तुम्ही शिकवलं होतं का त्याला?" तर काठीची मूठ चोळत बसले. मग हळूच, "मोठा झाल्यावर शिकवणार होतो." मी म्हटलं, "बाबा, तो चोवीस वर्षांचा होता!" त्यावर म्हणाले, "हो. मला वाटलं अजून वेळ आहे."

मी म्हटलं, तुम्ही सांगा, मी लिहिते त्याला. तर म्हणाले, "माफी दुसऱ्याच्या अक्षरात मागायची नसते. आणि माझं अक्षर आता मलाच दिसत नाही." मग त्यांनी मला त्यांची जुनी लोखंडी पेटी काढायला लावली. तळाशी कापडात गुंडाळलेला त्यांचा कचेरीतला रबरी शिक्का निघाला. सरकारी पेन्सिलीचं टोकसुद्धा घरी न आणणाऱ्या माणसाने हा शिक्का निवृत्त होताना पळवला होता! तपासलेल्या वजनांच्या दाखल्यावर मारायचे तो. शाईचा डबा कधीच वाळून गेला होता, म्हणून भाऊजींनी त्यांच्या पेनातली शाई ओतली.

तर खाली वेडावाकडा उमटलाय तो त्यांनी स्वतःच्या हाताने मारलाय. मी कागद धरला होता, पण हात त्यांचा. वाचता येत नसेल तर सांगते: 'तपासले. बरोबर आढळले.'

ते म्हणाले, "त्याला कळेल." कळलं ना?

आणि हुकूम सोडलाय. गाडी पूर्ण बांधायची, पण किक कोणी मारायची नाही. पहिली किक तुझी.

ताई


१८ एप्रिल

प्रिय धाकट्या,

गाडी उभी आहे! नवा पिस्टन, धुतलेली टाकी, घासून चकचकीत केलेलं मडगार्ड, आणि मी शिवलेलं सीट. सीटच्या शिलाईकडे बघ म्हणजे तुला कळेल माझी म्हातारपणीही नजर कशी आहे ते. सगळे नग परत गेले, भाऊजींनी सगळी कार्डं रद्द केली. शेवटी एक वायसर उरला. मिस्त्री म्हणतात, प्रत्येक यंत्रात एक उरतोच. भाऊजी दोन दिवस जेवले नाहीत नीट. नग एकशे सत्तेचाळीस मात्र रद्द झालेला नाही. तो बाबांच्या शर्टाच्या खिशात असतो, आणि कार्डावर त्यांची सही आहे.

मिस्त्रींनी किल्लीच्या जागी दोन तारा बाहेर काढून ठेवल्या आहेत. पेट्रोल आहे. नळी मी सात वेळा फुंकून पाहिली आहे. आता नुसती किक मारायची बाकी आहे आणि मला मनाई आहे. तुला कल्पना आहे का हे काय आहे ते? तीन महिने शिवलेला कोट समोर टांगलाय आणि अंगात घालायचा नाही. मी जाता येता तिच्याकडे बघते. पाय शिवशिवतो.

बाबा रोज तिच्याजवळ जातात, इंजिनावर हात ठेवतात आणि परत खुर्चीत येऊन बसतात. डॉक्टर म्हणाले, उजव्या डोळ्यात आता काही उरलं नाही, डाव्यात थोडं. सावली दिसते, माणूस ओळखू येत नाही. आता मी आडवळणाने लिहीत नाही. त्यांच्या त्या थोड्यात तू यावास असं मला वाटतं. माझ्यासाठी येऊ नकोस, ते मागायचा मला हक्क नाही. पण ये. माझे शब्द संपले की तू येशील, आणि तोवर फार उशीर झालेला असेल, अशी मला भीती वाटते.

तुझी ताई


४ मे

प्रिय धाकट्या,

हे पत्र सगळ्यात जलद जाणाऱ्या टपालाने पाठवते आहे, कारण ते तू निघण्याआधी पोचायला हवं. नाहीतर तू दारात येऊन भलतंच बोलशील.

परवा सकाळी साडेदहाला तुझं कार्ड आलं. बाबांना घेऊन भाऊजी डोळ्याच्या दवाखान्यात गेले होते. घरात मी एकटी. पोस्टमनच्या समोरच वाचलं. दोन ओळी! सात पत्रांच्या बदल्यात दोन ओळी लिहितोस, पक्का बाबांवर गेलायस. पण त्या ओळी मी आता न बघता म्हणून दाखवीन. 'तेल पाहिलं होतं. किल्ली टपालाने पाठवणार नाही, येत्या नाही, त्याच्या पुढच्या रविवारी घेऊन येतो.'

आता तूच सांग, अशी बातमी हातात आणि घरात सांगायला कोणी नाही. पोस्टमनला सांगितली, तो म्हणाला बरं. वरच्या मजल्यावर गेले, त्या बाईंच्या दाराला कुलूप. खाली आले तर हॉलमध्ये गाडी उभी. म्हणून मग तिला सांगितलं. आणि सांगता सांगता तारा जोडल्या. आणि मग, आता काय लपवू, किक मारली.

सात वेळा काहीच नाही. आठव्या वेळी जो काही आवाज झाला! पडदा उडाला, कपाटातल्या बश्या नाचल्या, भाऊजींचा खोका स्टुलावरून कोसळून तीनशे बारा कार्डं घरभर झाली, आणि सगळा हॉल निळ्या धुराने भरला. मी ओरडत होते, पण मलाच ऐकू येत नव्हतं. तशातही विसरले नाही. टाकीचं झाकण उघडून आत पाहिलं. तेलाची धार परत येत होती, धाकट्या. करंगळीएवढी, स्वच्छ, थांबत नव्हती. मी तिथेच उभी राहून हसत होते आणि रडत होते. मग लक्षात आलं की बंद कशी करायची हे मिस्त्रींनी सांगितलेलंच नाही. शेवटी लाटण्याने तारा वेगळ्या केल्या.

मग धावपळ. खिडक्या उघडल्या, कार्डं जमतील तशी खोक्यात कोंबली, धुराचा वास मारायला चार कांदे चिरून कढईत मुद्दाम करपवले. तुला पुढच्या पत्रात लिहायचं ठरवलं होतं की पहिल्यांदाच सुरू होतेय असं दाखव, चेहरा मी सांभाळते, लहानपणी फुटलेल्या बरणीच्या वेळी सांभाळला होता तसा.

दुपारी दोघं आले. भाऊजींनी खोका उघडून पाहिला आणि खुर्चीत बसले. बाबा दारातच थांबले, हवा हुंगली, म्हणाले, "कांदा करपलाय." मी म्हटलं, "हो, लक्ष नव्हतं." मग ते रोजच्यासारखे काठी टेकत गाडीजवळ गेले आणि इंजिनावर तळहात ठेवला.

हात तिथेच राहिला. इंजिन अजून कोमट होतं, हे मला तेव्हा आठवलं. वजन ओळखणाऱ्या हाताला ऊब ओळखता येणार नाही होय?

हात धुऊन जेवायला बसले. मी तुझं कार्ड वाचून दाखवलं. म्हणाले, "पुन्हा वाच." पुन्हा वाचलं. म्हणाले, "फक्त पहिली ओळ." ती मी चार वेळा वाचली. तेव्हा त्यांनी खिशातलं निळं कापड काढलं आणि त्याने डोळे पुसले. मी म्हटलं, बाबा, त्याला तेल आहे. म्हणाले, असू दे.

मग मला म्हणाले, "त्याला पत्र लिहिणार असशील ना?"

मी म्हटलं, "लिहितेच आहे."

"मग लिही, दुसरी किक त्याची."

मी मान खाली घातली. ते काठी घेऊन उठले, दारापर्यंत गेले आणि वळले.

"आणि लिही, तेल आम्ही बघून ठेवलंय. तरी तो स्वतः बघेलच. नेहमी बघायचा तो."

तुझी ताई